पाठ लागली का? मातीतले मल्ल, गादीवरचे मल्ल आणि तुलनेचा पेच

गणपतराव आंदळकर आजच्या एखाद्या महाराष्ट्र केसरीशी लढले असते तर कोण जिंकले असते? तालमीच्या ओट्यावर, एस.टी.च्या प्रवासात, दंगल सुटल्यावर चहाच्या टपरीवर हा प्रश्न हमखास निघतो. त्याची उत्तरे दोनच आणि दोन्ही पाठ झालेली. पहिले असे की खरी कुस्ती मातीतली, गादीवर चालते ती नुसती ढकलाढकली, तेव्हा आजचे मल्ल जुन्यांपुढे मिनिटभरही टिकले नसते. दुसरे याच्या उलट. खेळ पुढे गेला, आहारशास्त्र आले, चित्रफिती पाहून प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास होऊ लागला, आजच्या वेगापुढे जुने मल्ल भांबावले असते. दोन्ही उत्तरे देणाऱ्यांची एक गोष्ट समान आहे. दोघेही माणसांची तुलना करतात आणि ती माणसे कोणत्या कायद्याखाली लढली हे विचारत नाहीत.

हा पेच एकट्या कुस्तीचा नाही. अमेरिकेत बास्केटबॉलवाले याच प्रश्नावर दशकानुदशके भांडत आले आहेत. २ मार्च १९६२ रोजी विल्ट चेंबरलेन याने एका सामन्यात शंभर गुण केले. लांबून टाकलेल्या चेंडूला तीन गुण देणारी रेषा तेव्हा मैदानावर आखलेलीच नव्हती, एन.बी.ए.मध्ये ती १९७९ साली आली. उलट चेंबरलेन टोपलीखाली फार भारी पडतो म्हणून १९६४ मध्ये तिथला राखीव पट्टा बारा फुटांचा सोळा फूट केला गेला. म्हणजे एका खेळाडूच्या मोठेपणामुळे मैदानाच्या रेषा सरकल्या आणि पुढच्या खेळाडूंची मोजणी त्या सरकलेल्या रेषांवर झाली. शंभर या आकड्याशी आजच्या कुणाचा आकडा लावायचा, तर आधी दोन वेगळी मैदाने एक धरावी लागतात. तरी त्यांच्याकडे निदान आकडे आहेत. आपल्या मातीतल्या कुस्तीने मागे ठेवले ते निकाल, नावे आणि डाव.

आणि भाषा ठेवली. मराठी माणूस निवडणुकीत उमेदवाराला 'चारी मुंड्या चीत' करतो, 'आसमान दाखवतो', 'धोबीपछाड' देतो, त्याआधी 'शड्डू ठोकतो'. कुस्तीच्या बातम्या सोडल्या तर कुणी कुणाला 'दहा गुणांच्या फरकाने तांत्रिक श्रेष्ठतेवर' हरवल्याचे आपल्या बोलण्यात येत नाही. गादी येऊन कितीतरी दशके झाली, पण आपली जीभ अजून मातीच्या कायद्यात राहते. जुन्या मल्लांविषयी बोलताना आपला तोल सहज जातो त्याचे एक कारण हेच असावे. कौतुकाचे सगळे शब्द त्यांच्या बाजूचे आहेत.

मातीचा कायदा तसा एका ओळीचा होता. पाठ लागली की कुस्ती संपली, तोवर चालू. गुण नव्हते, फेऱ्या नव्हत्या, बऱ्याचदा घड्याळही नव्हते. वजनाचा गट काट्यावर ठरत नसे. जोड लावणारे जाणते अंदाजाने 'तोडीस तोड' मल्ल ठरवीत. तासभर झुंजूनही निकाल लागला नाही तर पंच किंवा मैदान भरवणारे कुस्ती 'सोडवीत' आणि ती बरोबरीत धरली जाई. मोठ्या मल्लाशी बरोबरीत सुटणे हे लहान मल्लाच्या नावावर जमा होत असे. माती तेल, ताक, लिंबू, हळद घालून मऊ केलेली असे. तिच्यात पाय रुततो, झेप मंदावते, पण घामावर माती बसली की पकड घट्ट होते. जांघ्याला हात घालता येत असे आणि त्यावर अनेक डाव उभे होते. गादीवर पोशाखाला हात लावणे हाच गुन्हा, म्हणून तिथे ते डाव मुळातच जन्मत नाहीत. उलट पायावर झेप घेऊन पट काढण्याला गादीवर जी किंमत आली, तेवढी ती खोल मातीत येऊ शकत नव्हती.

यातून दोन वेगळी शहाणपणे तयार होतात. वेळेचे बंधन नसलेल्या मल्लाला पहिल्या पाच मिनिटांत काही सिद्ध करायचे नसते. समोरच्याचा दम काढणे, त्याचे ओझे स्वतःवर न घेता आपले त्याच्या मानेवर टाकणे, विसाव्या मिनिटाला त्याची एक चूक पकडणे, हे त्याचे शास्त्र. आज गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोनच फेऱ्या असतात, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती. जो नुसता टिकून राहतो त्याला पंच बजावतो, तीस सेकंदांची मुदत देतो, आणि तेवढ्यात गुण मिळवला नाही तर समोरच्याला गुण देतो. बास्केटबॉलमध्ये चेंडू नुसता खेळवत ठेवणाऱ्यांवर १९५४ मध्ये चोवीस सेकंदांचे घड्याळ बसवले गेले. कुस्तीतली ही मुदत त्याच जातीची. दोन्हीकडे प्रेक्षकांचा कंटाळा हा कायदा करणारा ठरला आहे.

हे घड्याळ १९१० मध्ये असते तर काय झाले असते याचा विचार करून पाहण्याजोगा आहे. त्या वर्षी १० सप्टेंबरला लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झबिस्को यांची कुस्ती झाली. गामापेक्षा कितीतरी भारी असलेला झबिस्को सुरुवातीलाच खाली बसला आणि बहुतेक वेळ तसाच चिकटून राहिला. दोन तास चौतीस मिनिटांनी कुस्ती बरोबरीत सोडवावी लागली. पुन्हा लढत ठरली ती १७ सप्टेंबरला, त्या दिवशी झबिस्को आलाच नाही. पुढे १९२८ मध्ये पतियाळ्यात दोघे परत भेटले आणि गामाने त्याला मिनिटभराच्या आत चीत केले.

या दोन कुस्त्या शेजारीशेजारी मांडून आपल्याकडे नेहमी एकच निष्कर्ष काढला जातो: गामा अजिंक्य, झबिस्को भित्रा. मला तो अपुरा वाटतो. लंडनच्या त्या दिवशी चालू असलेल्या कायद्यात खाली बसून राहणे पूर्णपणे कायदेशीर होते, आणि झबिस्कोने आपल्याला मिळालेला एकमेव मार्ग अचूक ओळखला होता. आजच्या नियमांत तो पहिल्या काही मिनिटांतच गुणांवर हरला असता. पण मग गामाच्या खात्यावर जमा झाला असता तो एक बऱ्यापैकी गुणविजय. अडीच तास खाली दाबून धरलेल्या पहाडाची जी दंतकथा झाली, ती झाली नसती. सैल कायद्याने गामाचा विजय हिरावला आणि त्याच कायद्याने त्याला मोठे केले. पतियाळ्याच्या वेळी दोघेही पन्नाशीच्या आसपास होते, पायाखाली माती होती, प्रेक्षक गामाचे होते. त्या मिनिटाने लंडनचे अडीच तास पुसले जात नाहीत. ती वेगळी कुस्ती होती.

महाराष्ट्रात या प्रश्नाची खरी कसोटी खाशाबा जाधव यांच्याशी लागते. गोळेश्वरचा हा मल्ल घरच्या आणि कोल्हापूरच्या मातीत तयार झाला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो प्रथमच गादीवर, परक्या नियमांत उतरला आणि फ्लायवेट गटात सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे उभे करताना राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. ती इतकी ऐकवली जाते की कुस्तीकडे पाहायचे राहूनच जाते. म्हणून इथे कुस्तीकडेच पाहू.

१९५२ साली ऑलिंपिकची कुस्ती पंधरा मिनिटांची होती आणि हिशेब वजा गुणांनी होत असे. चितपट करणाऱ्याच्या खात्यावर शून्य. पंचांच्या निर्णयाने जिंकणाऱ्याच्या खात्यावरही एक वजा गुण चढे. हरणाऱ्यावर त्याहून अधिक. ठराविक वजा गुण साठले की मल्ल स्पर्धेबाहेर. हा हिशेब नीट पाहिला तर लक्षात येते की गादी अंथरलेली असली तरी त्यात मातीचा कायदा निम्मा जिवंत होता. 'पाठ लाव, नाहीतर जिंकूनही थोडे गमावशील' असेच तो मल्लाला सांगत होता. खाशाबांनी कॅनडाच्या आणि मेक्सिकोच्या मल्लांना चितपट केले. त्यांपैकी कॅनडाच्या मल्लाची पाठ लागली ती कुस्तीची वेळ संपत आली असताना. मग जर्मनीच्या मल्लावर निर्णयाने विजय. जपानचा इशिई आणि सोव्हिएत संघाचा मल्ल यांच्याकडून ते हरले आणि बँटमवेट गटाचे कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

इथे माझे निरीक्षण असे की खाशाबांना परक्या कायद्याने हरवले हे १९४८ पुरते खरे आहे. १९५२ मध्ये त्याच परक्या कायद्यातली स्वतःच्या ओळखीची जागा त्यांनी शोधली. मातीत शिकलेला सबुरीचा धडा पंधरा मिनिटांच्या कुस्तीत अजून चालत होता, चितपटीला अजून मोल होते. आजच्या सहा मिनिटांत, दहा गुणांच्या फरकावर कुस्ती थांबवणाऱ्या नियमांत तीच सबुरी त्यांना महाग पडली असती का? कदाचित. पण जो मनुष्य चार वर्षांत एक कायदा शिकला तो दुसराही शिकला असता. त्यांच्या मोठेपणाचा पुरावा मी पदकाइतकाच या चार वर्षांत पाहतो.

याच नजरेने आंदळकर आणि मारुती माने यांच्याकडे पाहिले की १९६२ चे जाकार्ता एशियाड वेगळे दिसू लागते. पुनवतचे आंदळकर १९६० चे हिंदकेसरी, कवठेपिरानचे माने १९६४ चे. दोघांची ख्याती मैदानी कुस्तीची. जाकार्तात माने यांनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य जिंकले. आंदळकरांचे याच्या बरोबर उलटे झाले, ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हात लावता येत नाही, पाय अडकवता येत नाही. पट नाही, टांग नाही, आकडी नाही. आपल्या डावांच्या भात्यातले निम्मे बाण तिथे बाहेरच ठेवावे लागतात. तरीही कोल्हापूरच्या तालमीत वाढलेला मल्ल त्या शैलीत आशियात पहिला येतो. मानेवरची पकड, छातीला छाती लावून उचलणे, समोरच्याचे वजन आपल्या सोयीने फिरवणे हे मातीने दिलेले भांडवल तिथे जसेच्या तसे चालले असावे असा मी अर्थ लावतो. माती एका प्रकारच्या गादीपासून दूर आणि दुसऱ्या प्रकारच्या गादीला जवळ होती. 'माती विरुद्ध गादी' ही जोडी आपण फार सरळ करून ठेवली आहे.

तुलना करणाऱ्यांचे आवडते साधन म्हणजे सामाईक प्रतिस्पर्धी. अमका तमक्याशी लढला, तमका पुढच्या पिढीतल्या फलाण्याशी, म्हणून साखळी जोडून अमका आणि फलाणा यांचा निकाल लावायचा. आपल्याकडे ही साखळी जोडायला दिल्लीच्या सतपालइतका सोयीचा दुवा नाही. १९७६ मध्ये कोल्हापूरच्या खासबाग मैदानात युवराज पाटील यांनी त्याला हरवले, पुढच्या वर्षी बेळगावात हरिश्चंद्र बिराजदार यांनी. त्या दोन कुस्त्यांच्या आठवणी आजही सांगितल्या जातात. हाच सतपाल १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये गादीवर सुवर्णपदक जिंकतो आणि पुढे सुशीलकुमारला घडवतो. सुशील २००८ मध्ये ऑलिंपिकचे कांस्य आणि २०१२ मध्ये रौप्य आणतो. साखळीच्या हिशेबाने युवराज पाटील आणि बिराजदार हे ऑलिंपिक पदकाच्या पलीकडचे ठरतात, आणि असे लिहिणारे व बोलणारे मी पाहिले आहेत.

पण साखळीचा प्रत्येक दुवा वेगळ्या धातूचा आहे. खासबागेत कुस्ती चितपटीची होती. सुशीलने बीजिंगला पदक मिळवले तेव्हा कुस्ती दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची होती आणि प्रत्येक फेरी स्वतंत्रपणे जिंकावी लागे. एक फेरी सहा गुणांनी हरून उरलेल्या दोन एकेका गुणाने जिंकणारा मल्ल विजयी होत असे. शिवाय आपल्या पहिल्याच कुस्तीत सुशील युक्रेनच्या मल्लाकडून हरला होता. तो मल्ल अंतिम फेरीत पोचल्यामुळे सुशीलला रेपेचाजची संधी मिळाली. त्या स्पर्धेच्या कायद्याने त्याला परत उभे केले आणि त्याने त्या संधीचे सोने, अक्षरशः सांगायचे तर कांस्य, केले. लंडनच्या ऑलिंपिकनंतर, कुस्तीच ऑलिंपिकमधून काढण्याची शिफारस २०१३ मध्ये झाली तेव्हा, ही फेऱ्यांची पद्धतही मोडीत निघाली आणि एकूण गुण धरले जाऊ लागले. म्हणजे सुशीलची दोन पदके आणि आजच्या मल्लांची पदकेसुद्धा एका कायद्याखालची नाहीत. 'गादीचा काळ' असा एकच काळ नाही. ती समजूत मातीवाल्यांची आणि गादीवाल्यांची, दोघांचीही सोय आहे.

मग गदा? महाराष्ट्र केसरीचा किताब १९६१ पासून दिला जातो, पहिले मानकरी दिनकर दह्यारी. वर्षानुवर्षांची एकच स्पर्धा, एकच मान, म्हणून तुलनेला ही पट्टी बरी वाटते. दादू चौगुले यांच्या दोन गदा, लक्ष्मण वडार यांच्या दोन, नरसिंग यादव आणि विजय चौधरी यांच्या लागोपाठ तीन-तीन. मोजून मोकळे व्हायचे. पण गदेची लढत जड मल्लांची आहे, हल्ली ८६ ते १२५ किलोंच्या गटाची. या पट्टीने मोजायला गेलो तर सत्तावन्न किलोंचे खाशाबा जाधव महाराष्ट्राच्या थोर मल्लांत बसतच नाहीत. पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोंत सुवर्ण आणि २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत ६१ किलोंत कांस्य जिंकले. बिराजदारांच्या तालमीत वाढलेला हा मल्ल गदेच्या फलकावर कधीच दिसणार नाही. जी पट्टी राज्याचा सर्वांत मोठा मल्ल मोजू शकत नाही ती पट्टी सदोष आहे, एवढे म्हणायला मी कचरत नाही.

हा प्रश्न नुसता गप्पांचा राहत नाही तो इथे. नरसिंग आणि विजय चौधरी पोलीस उपअधीक्षक झाले. राहुलही झाला, पण आधी त्याला जगाच्या गादीवर पदक मिळवावे लागले. गावातल्या जत्रेची मोठी इनामे जड जोडींवर लागतात, फलकावर फोटो जड मल्लांचे असतात. पंचावन्न किलोंच्या चपळ पोराला वस्ताद खुराक वाढवायला सांगतो की वजन राखून ऑलिंपिक गटाची तयारी करायला सांगतो, हे आपण कुणाला थोर म्हणतो यावरच ठरत असते. १९५२ नंतर महाराष्ट्राच्या मल्लाने ऑलिंपिक पदक आणलेले नाही. त्याची कारणे अनेक आहेत, पण गदेचे वजन हे त्यांतले एक आहे असे माझे मत आहे.

याच स्पर्धेत मात्र एक गोष्ट अशी घडते की जगातल्या दुसऱ्या कोणत्या खेळात तिला तोड नसावी. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात. दोन्हींचे विजेते ठरतात आणि गदेसाठी ते एकमेकांशी गादीवर भिडतात. बास्केटबॉलवाले ज्या लढतीची फक्त कल्पना करतात, जुन्या नियमांतला आणि नव्या नियमांतला मल्ल समोरासमोर, ती आपण दरवर्षी तिकीट न काढता पाहतो. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात गादीचा शिवराज राक्षे मातीच्या महेंद्र गायकवाडला झटपट चीत करून गदा घेऊन गेला. गादीवाल्यांनी मिशीला पीळ दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला मातीतून आलेल्या सिकंदर शेखने त्याच शिवराजला अर्ध्या मिनिटाच्या आत झोळी डावावर अस्मान दाखवले, तेही गादीवर. मग मातीवाल्यांची पाळी आली.

दोन्ही निष्कर्ष घाईचे होते, कारण 'मातीचा विजेता' म्हणजे मातीच्या कायद्याचा विजेता राहिलेला नाही. जानेवारी २०२३ ची ती माती विभागातली महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख यांची कुस्ती आठवा. बाहेरली टांग डावावर महेंद्रला चार गुण दिले गेले आणि ते बरोबर की चूक यावर महाराष्ट्र पेटला. चित्रफिती थांबवून, खांदा किती अंशांत वळला याचे पंचनामे झाले. मला त्या वादातल्या बाजूंपेक्षा वादाचा विषय महत्त्वाचा वाटतो. पायाखाली तांबडी माती होती आणि भांडण चार गुणांचे होते. आंदळकरांच्या काळी त्या डावाचा हिशेब एका प्रश्नात मिटला असता: पाठ लागली का? नाही ना, मग उठा आणि लढा. हौद तोच राहिला, त्यातला कायदा बदलला. आजचा मातीतला मल्ल युवराज पाटलांपेक्षा शिवराज राक्षेच्या जवळचा आहे. त्याने फक्त पायांत बूट घातलेले नाहीत.

अर्थात 'पाठ लागली का' हा प्रश्नही पूर्वी फार सोपा होता अशी समजूत करून घेऊ नये. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ यांच्या कुस्तीत पंचाने पाठ लागल्याचा निर्णय दिला, शिवराजला तो मान्य नव्हता, आणि प्रकरण पंचाला लाथ मारण्यापर्यंत व निलंबनापर्यंत गेले. कॅमेरे असून ही गत. कॅमेरे नव्हते तेव्हा मैदानात हजारो लोक चारी बाजूंनी बसलेले असत आणि प्रत्येकाला आपल्या बाजूने पाठ दिसे. जुन्या निकालांवर आपण आज जो निःशंक विश्वास टाकतो तो त्या वेळच्या प्रेक्षकांनी टाकला होता असे समजण्याचे कारण नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये कर्जतला दुसऱ्या संघटनेची वेगळी महाराष्ट्र केसरी झाली, ती वेताळ शेळके याने जिंकली. एका वर्षाचे दोन केसरी. पन्नास वर्षांनी यादी करणाऱ्याने काय करायचे ते त्यानेच ठरवावे.

आम्हा वर्ध्याकडच्यांना या सगळ्याकडे जरा लांबून पाहायची सवय आहे. इकडे कुस्तीच्या मैदानाला दंगल म्हणतात. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात चिकट होते, आखाड्याच्या हौदात ती चालत नाही. गदा बहुधा पश्चिमेला जाते. विदर्भात व्यायामाची परंपरा आहे ती वेगळ्या वळणाची. अमरावतीच्या १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आला. जिंकण्याहरण्यापेक्षा कसब दाखवण्याचा तो बाणा होता. तरी कुस्तीच्या राजकारणात वर्धा जिल्हा मध्यभागी आला तो देवळीमुळे. तिथले माजी खासदार रामदास तडस स्वतः विदर्भ केसरी मल्ल, आणि राज्य कुस्तीगीर संघटनेच्या दोन गटांतील एकाचे प्रमुख. संघटना दुभंगली, पण त्यातून एक चांगली गोष्ट घडली. जानेवारी २०२५ मध्ये महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा देवळीत झाली आणि अहिल्यानगरच्या भाग्यश्री फंडने कोल्हापूरच्या अमृता पुजारीला हरवून ती जिंकली.

त्या स्पर्धेविषयी बोलताना 'पूर्वीच्या बायका खऱ्या' असे कुणी म्हटल्याचे मला ऐकू आले नाही. महिला महाराष्ट्र केसरी मुळात २०२३ मध्ये सांगलीला सुरू झाली, पहिली मानकरी प्रतीक्षा बागडी. महिलांची कुस्ती ऑलिंपिकमध्ये आली ती २००४ साली. तिथे मातीचे सुवर्णयुग आठवायला कुणाकडे नाही, म्हणून तुलना आपोआप आजच्या आजशी होते, एका कायद्याखाली, गटागटाने. मातीत लढणारी बाई नव्हतीच असे मात्र नाही. १९५४ मध्ये बडोद्यात हमीदा बानूने बाबा पहिलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत हरवले. वजनगट नाही, महिलांचा विभाग नाही, समोर पुरुष. महाराष्ट्रात तिच्या कुस्त्यांना विरोधही झाला. महाराष्ट्राच्या थोर मल्लांच्या एवढ्या याद्या दर दिवाळीला छापून येतात. त्यांपैकी एकीत तरी भाग्यश्री फंड आणि हमीदा बानू शेजारी ठेवून पाहिल्याचे अजून माझ्या वाचनात आलेले नाही.